वीज नसताना मारलेल्या रेघा

या सदरात लिहिणाऱ्या निम्म्या लोकांना मी आजवर मनातल्या मनात हसलेली आहे. वडाखाली उभी असलेली बाई, मागून आलेली हाक, ओल्या पावलांचे ठसे... वाचायचं आणि पान उलटायचं. मी फिजिक्स शिकलेली बाई आहे. सासूबाईंनी नव्या स्कूटरला लिंबू-मिरची बांधली होती, ती मी पहिल्या वळणावरच काढून टाकली होती. तेव्हा आज मला कोणी हसलं तर माझी तक्रार नाही. फक्त 'वा, काय मस्त गूढ अनुभव' असं म्हणू नका. यात मस्त काही नाही. हे लिहिताना मला भीती वाटत नाहीये, राग येतोय. दीड वर्ष झालं, तो उतरलेला नाही.

मी राहते माणिकपूरला. नोकरी होती वसई पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये. कंपनीचं नाव सांगणार नाही. एका बाजूला बाटल्यांची झाकणं बनवणारा गाळा, दुसऱ्या बाजूला बिजागऱ्यांचा, आणि मध्ये आम्ही, मोठ्या दुर्बिणींसाठी ग्रेटिंग बनवणारे. रिक्षावाल्याला 'झाकणवाल्याच्या बाजूला' एवढं सांगितलं की तो बरोबर आणून सोडायचा.

ग्रेटिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. सीडी उन्हात धरली की तिच्यावर रंग दिसतात ना, तसंच काहीतरी, पण फार नेमकं. काचेचा जाड ठोकळा, त्यावर धातूचा पातळ थर, आणि त्या थरावर हिऱ्याच्या टोकाने शेजारी शेजारी मारलेल्या हजारो रेघा. दुर्बिणीतून आलेला ताऱ्याचा उजेड त्यावर पडला की त्याचे रंग फाकतात, आणि त्या रंगांच्या पट्ट्यात ज्या बारीक रेषा दिसतात त्यावरून तारा कशाचा बनलाय, आपल्याकडे येतोय की लांब चाललाय, ते कळतं. अट एकच. दोन रेघांमधलं अंतर शेवटपर्यंत सारखं पाहिजे. ते लयीत चुकत राहिलं, म्हणजे थोडं कमी, थोडं जास्त, परत कमी, परत जास्त, तर खऱ्या रेषेच्या दोन्ही अंगांना खोट्या रेषा उमटतात. शास्त्रज्ञ बिचारा त्या खऱ्या समजून बसतो. या खोट्या रेषांना आमच्या धंद्यात 'घोस्ट' म्हणतात. हो, तेच नाव आहे. त्यावरचे सगळे विनोद ऐकून झालेत.

रेघा मारणारं यंत्र — आम्ही नुसतं इंजिन म्हणायचो — खोलीच्या आत बांधलेल्या दुसऱ्या खोलीत होतं. पाया वेगळा, भिंती दुहेरी, तापमान अंशाच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत सांभाळलेलं. मिनिटाला दोन-तीन रेघा. एक ग्रेटिंग पुरं व्हायला साडेचार-पाच दिवस लागायचे, आणि तेवढे दिवस आत कोणी जायचं नाही. माणसाच्या अंगाची उष्णतासुद्धा त्या खोलीला सोसत नाही.

आणि हे इंजिन सांभाळायचे बस्त्यावकाका.

काका उमेळ्याचे. घरची केळीची वाडी, त्यातली अर्धी आता बिल्डिंगखाली गेलेली. वय साठीच्या आसपास, शिक्षण दहावी. तीस वर्षांपूर्वी कंपनी सुरू झाली तेव्हापासून ते तिथे होते. इंजिनाचं जे मुख्य मळसूत्र — ज्याच्या फिरण्यावर काचेचा ठोकळा एकेक रेघ पुढे सरकतो — ते त्यांनी अकरा महिने हाताने घासून जुळवलं होतं. तेल, बारीक पूड आणि दोन तळहात. नवं ग्रेटिंग लावताना ते मोटर बंद ठेवून मोठं चाक हाताने फिरवून बघायचे. अर्धा फेरा... थांबायचे, कान द्यायचे... मग उरलेला अर्धा. मला ते 'बाय' म्हणायचे. वाडीतल्या केळ्यांची फणी टेबलावर ठेवून निघून जायचे.

आता त्यांच्या बाबतीत आम्ही काय केलं ते सांगते. आम्ही म्हणतेय, कारण सही माझी आहे.

डोंगरावरच्या एका वेधशाळेचं मोठं काम आलं होतं. त्यांच्या स्पेक्ट्रोग्राफमधलं, म्हणजे ताऱ्यांच्या उजेडाचे रंग फाकवून टिपणाऱ्या यंत्रातलं, जुनं ग्रेटिंग उजेड फार खात होतं आणि घोस्टही दाखवत होतं, त्यांना त्याहून चांगलं हवं होतं. आमच्या डायरेक्टरना, सगळे त्यांना साहेब म्हणत, घाई होती. मळसूत्राच्या टोकाचं बेअरिंग जुनं झालंय म्हणून त्यांनी परदेशी कॅटलॉग बघून नवं मागवलं आणि दोन दिवसांत बसवून घेतलं. काकांनी चाक फिरवून बघितलं आणि म्हणाले, मळसूत्र डुलतंय, हे काढा. साहेब म्हणाले, तुमच्या कानापेक्षा त्या कंपनीचं सर्टिफिकेट बरं. काम सुरू झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी काका किल्ली लावून आत गेले. चार मिनिटं. बाहेर येऊन मला म्हणाले, "बाय, आवाज वाईट येतो. थांबवा." थांबवणं माझ्या हातात नव्हतं. मी साहेबांना फोन लावला, त्यांनी नाही म्हटलं.

ग्रेटिंग बाहेर काढून तपासलं तर घोस्टच घोस्ट. साहेबांनी घाईत तसंच पाठवलं, वेधशाळेने परत केलं.

मग मीटिंग. साहेबांनी तापमानाचा आलेख टेबलावर पसरला. तिसऱ्या दिवशी दुपारी छोटासा उंचवटा दिसत होता, माणूस आत गेल्यावर येतो तसा. साहेब म्हणाले, कारण सापडलं, ऑपरेटर नियम मोडून आत शिरला.

आता नीट वाचा. एखादा माणूस एकदाच चार मिनिटं आत गेला तर ग्रेटिंगवर एका जागी ओरखड्यासारखी चूक होईल. घोस्ट होणार नाहीत. घोस्ट लयीतल्या चुकीने होतात, आणि लयीतली चूक मळसूत्राच्या प्रत्येक फेऱ्यात येते, पहिल्या रेघेपासून. हे मला त्या मीटिंगमध्ये बसल्या बसल्या माहीत होतं. पहिल्या वर्षाच्या पोराला कळेल असं आहे. एकदा मी तोंड उघडलं. साहेब म्हणाले, "तुम्ही रिपोर्ट लिहा, थिअरी नंतर बघू." आणि मी लिहिला. 'मानवी हस्तक्षेपामुळे तापमानात बदल' वगैरे. नवं लेझर कंट्रोलचं युनिट यायचं होतं, त्याचं काम माझ्याकडे यायचं होतं... ते माझ्या डोक्यात नव्हतं असं म्हणणार नाही.

काकांना पॅकिंगला जा म्हणून सांगितलं. ते गेले नाहीत. खिशातून किल्ली काढून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि डब्याची पिशवी घेऊन निघाले. माझ्या टेबलाजवळून गेले, पण माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

दोन महिन्यांनी दुसरं ग्रेटिंग लावलं. बेअरिंग तेच. फक्त आता लेझर प्रत्येक रेघेआधी ठोकळ्याची जागा मोजणार, आणि चूक असेल तर कंट्रोलर ती सुधारून घेणार. पद्धत चांगली आहे, जगभर वापरतात. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. खोलीला दोनच किल्ल्या, एक माझ्याकडे, एक साहेबांकडे. साहेब पुण्याला लग्नाला गेले होते.

चौथा दिवस रविवार होता. ड्युटीवर मी एकटी, आणि गेटवर तिवारी नावाचा वॉचमन. सकाळी सव्वाअकराला इस्टेटच्या ट्रान्सफॉर्मरचा आवाज झाला आणि सगळं बंद पडलं. युपीएसच्या बॅटऱ्या बदलायच्या आहेत असं मी तीनदा लिहून दिलं होतं. दीड मिनिटात युपीएसही गेला. कंट्रोलरचा स्क्रीन काळा, लेझर बंद, मोटरचा हिरवा दिवा विझलेला. जनरेटर नव्हता. त्याच्या थरथरीने रेघा बिघडतात म्हणून कधी बसवलाच नव्हता.

इंजिन एकदा असं थांबलं की ग्रेटिंग गेलं. हिरा परत त्याच लयीत त्याच जागी येत नाही. मी साहेबांना फोन करून सांगितलं. त्यांनी मला फोनवर काय काय ऐकवलं ते लिहीत नाही. दार उघडू नका, लाइट आली की रीस्टार्ट करा, म्हणाले आणि ठेवून दिला.

मी खुर्चीत बसून राहिले. इतकी शांतता त्या इस्टेटमध्ये मी कधी ऐकली नव्हती. झाकणवाल्याचा गाळा बंद, बिजागरीवाल्याचा बंद. आणि त्या शांततेत मला रेघ ऐकू आली.

ज्यांनी ऐकली नाही त्यांना कसं सांगू... रेशमावरून नख ओढावं तसा आवाज, आणि शेवटी हिरा उचलला जातो तेव्हा एक बारीक टक. मी म्हटलं, कानात राहिलाय, चार दिवस तेच ऐकतोय आपण. परत आली. थोड्या वेळाने परत. उठून भिंतीला कान लावला. आतूनच येत होती.

तेवढ्यात तिवारी पाण्याची बाटली भरायला आत आला. दोन मिनिटं उभा राहिला आणि त्यानेच विचारलं, "मॅडम, लाइट तो है नहीं, फिर मशीन कैसे चल रहा है?" मी त्याला काही सांगितलं नव्हतं, एवढं लक्षात ठेवा.

खोलीला एक छोटी काच आहे, दुहेरी, वर काळं कापड. मी कापड बाजूला केलं आणि मोबाईलचा टॉर्च लावला. माझ्या शेजारून तिवारीही बघत होता. मोटर बंद होती. आणि मोठं चाक फिरत होतं. मोटरवर ते एकसारखं फिरतं, कुठेही थांबत नाही. आता ते अर्धा फेरा घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग उरलेला अर्धा. चाकाच्या कडेला हाताने फिरवायची लाकडी मूठ आहे, ती वर येऊन थांबायची. हिरा खाली टेकायचा, रेघ ओढायचा, टक करून उचलला जायचा. ठोकळा एक पाऊल सरकायचा. खोलीत कोणी नव्हतं. ती खोली लहान आहे, लपायला जागा नाही. मी टॉर्च चारी कोपऱ्यांत फिरवला.

तिवारी हात जोडून गेटवर निघून गेला. त्याने त्या दिवसानंतर आत पाऊल टाकलं नाही, आणि मी त्याला दोष देत नाही. मी मात्र तिथेच उभी राहिले. दार उघडावंसं वाटलं, पण हात झाला नाही. भीतीने म्हणा... पण खरं सांगायचं तर दार उघडलं तर रेघा बिघडतील, हा विचार आधी आला. इतकी वर्षं अंगात मुरलेलं होतं.

दोनला दहा मिनिटं कमी असताना चाक थांबलं. मूठ वर, हिरा उचललेला. चाक हाताने फिरवून बघताना मध्येच जेवायला उठले, तर काका ते नेमकं तसंच ठेवून जायचे. दोनेक मिनिटांत वीज आली. मी कंट्रोलर सुरू केला आणि, का ते विचारू नका, ग्रेटिंग रद्द न करता पुढे चालू दिलं. मग कामाची वही उघडून त्या वेळेसमोर जे बघितलं ते लिहिलं.

मंगळवारी ग्रेटिंग बाहेर आलं. तपासणीत त्याच्यावर लेझर टाकला की पट्टे दिसतात, आणि रेघांची चूक त्या पट्ट्यांत नागमोडी होऊन दिसते. लेझर कंट्रोलमुळे नागमोड पहिल्यापेक्षा बरीच कमी झाली होती, पण होती. बेअरिंग डुलतच होतं, मशीन किती सावरणार? फक्त मधल्या एका पट्ट्यात, पाचेक मिलिमीटर रुंदीच्या, ती नव्हतीच. ताणलेल्या दोऱ्यासारख्या सरळ रेषा. आजूबाजूला थरथर आणि मध्ये हे. मी मोजलं. तो पट्टा रविवारी सव्वाअकरा ते दोनच्या मधला होता. लेझर बंद असतानाचा. कंट्रोलर बंद असतानाचा. सगळ्यात वाईट यायला हवा होता तो.

खोलीतला तापमानाचा रेकॉर्डर बॅटरीवर चालतो. त्याचा आलेख काढला. वीज गेल्यावर एसी बंद, म्हणजे तापमान हळूहळू चढायला हवं, तसं ते चढलं होतं. पण त्या चढावर आणखी एक उंचवटा होता, सव्वाअकराला सुरू होऊन दोनच्या आधी संपलेला. काकांच्या चार मिनिटांचा होता अगदी तसाच, फक्त लांब.

त्याच संध्याकाळी मी उमेळ्याला गेले. काय विचारायचं ठरवलं नव्हतं. कदाचित माफी मागायची होती, आणि त्याला हे निमित्त मिळालं होतं.

काका ओटीवर बाकावर बसले होते. बारीक झाले होते. मी म्हटलं, काका, रविवारी लाइट गेली होती आणि इंजिन चालू होतं. एवढंच म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम कडक झाला.

"रविवारी मी घरी व्हतो," ते म्हणाले. "अख्खी आळी सांगेल. आता बंद खोलीत शिरलो म्हनून लिवून नेनार काय? एक आळ पुरला नाय तुमाला?"

मी म्हटलं तसं नाही. पण ते उठले आणि विहिरीकडे निघून गेले. त्यांचं काय चुकलं? मी याआधी त्यांच्याबद्दल लिहिलं होतं ते आळ घालण्यासाठीच लिहिलं होतं.

फाटकापर्यंत त्यांची बायको, मार्तामावशी, माझ्या मागून आल्या. मला वाटलं आता त्याही बोलणार. त्या बोलल्याच, पण वेगळं. म्हणाल्या, रविवारी चर्चमधून मिस्सावरून आले, कपडे बदलले आणि या बाकावर बसले. अकरा वाजून गेल्यावर मी चहाला हाक मारली तर ओ नाही. येऊन बघते तर डोळे उघडे, पण आपल्याकडे नाहीत. आणि उजवा हात छातीसमोर असा...

त्यांनी हात करून दाखवला. हवेतल्या हवेत मूठ धरलेली. अर्धा फेरा. थांबला. उरलेला अर्धा.

"मी दोनी हातांनी धरला त्यांचा हात," मावशी म्हणाल्या. "थांबला नाय. माझेच हात त्याच्याबरोबर फिरले."

शेजाऱ्यांनी डॉक्टर आणला. डॉक्टर म्हणाले फिट असेल, हॉस्पिटलला न्या. रिक्षा दारात येईपर्यंत दोन वाजत आले होते. तेवढ्यात हात मांडीवर पडला. काका म्हणाले, पाणी दे, आणि एवढे लोक का जमलेत. त्यांना काही आठवत नव्हतं. पुढे सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही, हे मला नंतर कळलं. फक्त उजव्या तळव्याला दोन दिवस आग होत होती.

चाक कसं फिरत होतं ते मी काकांना सांगितलं नव्हतं. मावशींना तर नाहीच. कोणालाच सांगितलं नव्हतं.

माणिकपूरला परत येताना मी रस्त्याच्या कडेला स्कूटर थांबवली. लोकांना वाटेल भीतीने. मला आठवतंय मी काय पुटपुटत होते — ज्याला हाकलून दिला त्याच्याकडूनही आपण काम करून घेतलं. म्हाताऱ्याला रविवारसुद्धा दिला नाही.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. पट्टा बघून खूश झाले. म्हणाले, बघा, लेझर सिस्टिम नीट बसली की काय करू शकते, हा फोटो रिपोर्टच्या पहिल्या पानावर टाका. मी म्हटलं, तेव्हा सिस्टिम बंद होती. ते म्हणाले, युपीएस चालू राहिला असेल. मी म्हटलं, दीड मिनिटात गेला, मी समोर होते, तिवारीही होता. ते म्हणाले, वॉचमनच्या साक्षीवर रिपोर्ट लिहितात का.

मग मी दोन्ही आलेख त्यांच्यासमोर ठेवले. आधी काकांचा, मग रविवारचा. ते म्हणाले, सेन्सर बिघडलाय.

या क्षणाची मी तीन दिवस वाट बघत होते असं मला नंतर वाटलं. माझा आवाज चढला नाही. मी म्हटलं, "सेन्सर बिघडलाय तर तो तेव्हाही बिघडलेला होता, आणि तुम्ही त्याच्यावर माणूस काढलात. बिघडला नसेल तर रविवारी आत माणूस होता. दोन्हीपैकी एक निवडा, मी तसं लिहिते."

साहेबांनी चष्मा पुसला आणि मला म्हणाले, तुम्ही दमलाय, चार दिवस सुट्टी घ्या.

सुट्टीत मी दोन कामं केली. पहिलं, माझ्या जुन्या रिपोर्टमधला निष्कर्ष चूक आहे, घोस्ट बेअरिंगमुळे आले, हे मला तेव्हाही माहीत होतं, असं माझ्या नावाने लिहून वेधशाळेच्या शास्त्रज्ञांना पाठवलं. दुसरं, राजीनामा. वेधशाळेतून फोन आला. त्या सरळ पट्ट्याबद्दल त्यांनी विचारलं, आणि मी होतं तसं सगळं सांगितलं. चाकाचंही.  मग ते म्हणाले, तुमचे आलेख मी ठेवून घेतो, मत देत नाही. ग्रेटिंग त्यांनी घेतलं, कारण ते जुन्यापेक्षा चांगलंच होतं. पण कंपनीला त्यांनी लिहिलं की ऑपरेटरवरचा ठपका शास्त्राला धरून नाही, तो काढा.

ठपका निघाला. काकांना दोन ओळींचं पत्र आलं, कामावर यावं म्हणून. मी तेव्हा तिथेच ओटीवर बसले होते. मावशींनी मला नंतर बोलावून घेतलं होतं. काका माझ्याशी आता थोडं बोलतात, पूर्वीसारखं नाही. त्यांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि मला विचारलं, बेअरिंग बदलला काय? मी म्हटलं, नाही, अजून तेच आहे.

"मंग मला कशाला बोलावतात," म्हणाले, आणि केळीला पाणी सोडायला गेले. परत कामावर गेले नाहीत.

हे मी ज्यांना सांगितलंय त्यांच्याकडे उत्तरं तयार असतात. नवरा म्हणतो, तू चार दिवस झोपली नव्हतीस. मग तिवारी? आणि काचेवरच्या रेघा, त्या कोणाच्या झोपेत उमटल्या? एक मित्र म्हणतो, जड चाक, घरंगळत राहिलं असेल. अडीच तास? थांबून थांबून? मावशींना आमच्यापैकी कोणी पढवलं असेल, असंही एक जण म्हणाला. त्याच्याशी मी आता बोलत नाही.

सगळ्यात जास्त राग मला येतो तो प्रेमाने बोलणाऱ्यांचा. 'त्यांचा जीव इंजिनात अडकला होता गं.' असं म्हणताना त्यांचे डोळे भरून येतात. जीव अडकला म्हटलं की गोष्ट सुंदर होते, आणि त्या माणसाला खोटं ठरवून दाराबाहेर कोणी काढलं हे कोणी विचारत नाही. मी काढलं. साहेबांनी आणि मी.

काय झालं ते मला माहीत नाही. वीज नसलेल्या खोलीत चारेकशे रेघा मारल्या गेल्या, त्या सगळ्यात चांगल्या आल्या, आणि आता डोंगरावर त्यांच्यावर ताऱ्यांचा उजेड पडतो, एवढं तपासता येण्यासारखं आहे. मी तपासलंय. त्यापलीकडे माझं शिक्षण मला एक इंच पुढे नेत नाही.

त्या रविवारी वहीत मी लिहिलं होतं, 'सव्वाअकरा ते एक पन्नास. वीज नाही. खोलीत कोणी नाही. रेघा चालू.' आणि खाली सही. साहेबांनी ते खोडायला सांगितलं होतं, मी खोडलं नाही. ऐकते की माझ्यामागे कोणीतरी त्यावर पांढरी पट्टी चिकटवलीय. चिकटवू दे. त्या कंपनीत मी नऊ वर्षं सह्या केल्या, त्यातली ती एक मी कोणाहीसमोर पुन्हा करीन.